दगडफुलाचा वास कोणी नेला

हे तुम्हाला पटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणी माझ्या तोंडावर हसायला नको. एसटीत कंडक्टर म्हणून माझी उभी नोकरी निलंगा-लातूर रस्त्यावर गेली. त्या रस्त्यावर पाहिलेलं सांगायला लागलो की लोक म्हणतात, व्यंकटीमामा, तिकिटं फाडता फाडता तुम्ही थापा मारायला कधी शिकलात? म्हणू देत. पण एका माणसानं दगडफुलातला वास असा काढून नेला, की फूल जागच्या जागी, रंग जागच्या जागी, हातात घेतलं तर तसंच कुरकुरीत, आणि वास तेवढा गायब. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे नाकानं.

परवा पंचशीलाच्या कांडपावर ही हकीकत सांगितली. उन्हाळा लागला की निलंग्याच्या बायका मिरची-मसाला कुटून घ्यायला तिथं रांग लावतात, आणि रांगेतल्या माणसाला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. मिरचीनं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. ते माझ्या बोलण्यानं आलं, असं मी धरून चालतो. शरणम्माची सून शिवगंगाही डबे घेऊन बसली होती. गोष्ट शरणम्माचीच. सुनेसमोर सासूची गोष्ट सांगायची म्हणजे एरवी जपून बोलावं लागतं. पण हे घडलं तेव्हा शिवगंगा त्या घरात आलेली नव्हती आणि शरणम्मा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी निर्धास्त होतो.

तर, लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादच्या खेपा वाचल्या म्हणून लोक खूश होते. पण नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, नवी हापिसं आणि नवे साहेब, आणि त्यातला खरा साहेब कोणता आणि नुसता सफारीतला कोणता, हे कोणालाच कळेना. कोणीही यावं, विहिरीत वाकून बघावं, 'हं' म्हणावं आणि चहा पिऊन जावं. त्यात दुष्काळ. विहिरीत बघून 'हं' म्हणण्यापलीकडं दुसरं काही करण्यासारखं नव्हतंही. माझा तर धंदाच संशयाचा. गाडीत चढणारा प्रत्येक जण मला बिनतिकिटाचा वाटायचा. त्या साली खाली उतरणारेसुद्धा वाटायला लागले.

शरणम्माचा काळा मसाला त्या काळी निलंगा तालुक्यात घरोघर जायचा. बाईला नवरा नव्हता, शेत नव्हतं. एक मिसरूड फुटू लागलेलं पोर आणि एक नाव, एवढीच इस्टेट. ते नावही पुडीवर छापलेलं नसायचं. लोक पुडी हुंगायचे आणि म्हणायचे, हाव, शरणम्माचाच.

तिची रीत अशी: खोबरं, तीळ, धने, लवंग, नागकेशर, सगळं वेगवेगळं तेलात भाजायचं. दगडफूल शेवटी. आता दगडफूल म्हणजे फूल नव्हेच. डोंगरातल्या झाडांच्या सालीवर, खडकांवर राखाडी पापुद्रा धरतो, तो खरवडून आणतात. हातात घेऊन हुंगलं तर जुन्या पेटीसारखा वास. पण गरम तेलात पडलं की सगळ्या मसाल्याला बूड येतं. शरणम्मानं दगडफूल टाकलं की गल्लीतली पोरं आपापल्या घरून भाकरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात हजर व्हायची. कढईच्या तळाला राहिलेला तेलकट मसाला ती त्यांच्या तुकड्याला पुसून द्यायची. कोणी बोलवायचं नाही. वासच बोलावणं करायचा.

त्या साली शरणम्मानं दगडफूल टाकलं, परतलं, कढई उतरवली. दारात कोणी नाही. बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून शेजारची धुरपताबाई म्हणाली, "अगं शरणम्मा, दगडफूल कवा टाकणार? हिकडं भाकर गार होऊन चालली."

शरणम्मा कढईकडं बघत राहिली.

आधी तिनं स्वतःच्या नाकावर संशय घेतला. मग तेलावर. मग धुरपताबाईवरही, की ही मुद्दाम बोलली. तोवर थोड्या पुड्या आसपासच्या गावांत गेल्या होत्या आणि तिकडून गाडीत कुजबुज माझ्या कानावर यायला लागली होती, की शरणम्मा आता हात आखडून मसाला करते, दुष्काळात तिनंही हात मारला. आणि वैशाखात अमृतरावांच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड भालकीचं, खाण्यात चोखंदळ. पंगतीची आमटी शरणम्माच्या मसाल्याची, हे कधीचंच ठरलेलं. त्या पंगतीत आमटी फुळकट निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून तालुक्यात तिच्या पुडीला कोणी हात लावला नसता. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

तिनं फडक्यात मूठभर दगडफूल बांधून आणलं आणि स्टँडवर माझ्या नाकाशी धरलं. "व्यंकटी, हुंग."

मी हुंगलं. मला माझ्याच टोपीचा वास आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याच गाडीनं लातूरला आली. गंजगोलाईत गुरुपादप्पाचं किराणा दुकान होतं; शरणम्मा वर्षानुवर्षं माल त्याच्याकडूनच घ्यायची. तिनं फडकं त्याच्यासमोर सोडलं. गुरुपादप्पा म्हणाला, बाई, भाव पाडायचा असंल तर सरळ बोला, मालाला नाव ठेवू नका. शरणम्मा म्हणाली, भावाचं कोण बोललालंय, तू हुंग. त्यानं हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग त्यानं सदऱ्याच्या आतलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ वाहिली, की मी यात काही केलेलं नाही. शरणम्मानंही आपलं लिंग हातात धरलं आणि सांगितलं, की मीही केलेलं नाही. मध्ये दगडफुलाचं पोतं, आणि दोन्हीकडून दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

एकानंच शपथ घेतली असती तर मी संशय घेतला असता. दोन्हीकडून लिंगाची शपथ झाली म्हटल्यावर संशयाला तिसरं घर शोधणं भाग होतं.

मग गुरुपादप्पानं हळूहळू सांगितलं. हा माल नेहमीच्या आडत्याकडचा नव्हता. एक सफारीवाला आला होता, कुठल्याशा नव्या हापिसाचं नाव घेत. माल स्वच्छ, खडा नाही, साल नाही, धूळ नाही. गुरुपादप्पाला वाटलं, जिल्हा झाला म्हणून आता दगडफूलही सरकारी निवडून यायला लागलं. सफारीवाला माल कुठून उचलायचा, ते त्याच्या हमालानं बघितलं होतं. गावाबाहेर कारखान्यांसाठी नवे प्लॉट आखले होते, तिथल्या एका पत्र्याच्या शेडमधून.

इथं पंचशीलानं कांडप बंद करून विचारलं, "मामा, तुमची ड्युटी नव्हती का? लातुरात बाईमागं कसं हिंडलालाव?"

मी म्हटलं, गाडी पंक्चर होती. खरं म्हणजे ती त्या रस्त्यावर नेहमीच पंक्चर असायची, हे सोयीचं होतं.

शेडसमोर चहाची टपरी होती. तिथं पाच मिनिटं बसलो आणि मला कळलं, की अख्ख्या लातुराचा संशय त्या शेडवर आहे. कारण एकच: तिथं टँकर जात नव्हता. त्या साली डाळ मिलपासून दवाखान्यापर्यंत सगळे टँकरच्या मागं पळत होते, आणि हा कारखाना चालतो, यंत्राचा आवाज येतो, पण पाणी मागत नाही. म्हणजे आत नक्की झरा लागलाय, असं एक मत. नोटा छापतात, असं दुसरं. सोड्याच्या कारखान्यातून गॅसच्या टाक्या येतात, तेवढ्याच, आणि त्या रिकाम्या परत जातात.

टपरीवाल्याची बायको पार्वतीबाई. तिचं वेगळंच. शेडच्या मागच्या भिंतीतून एक नळी बाहेर आली होती. मधूनमधून ती फुसकन आवाज करायची, तिच्यावर पांढरं बर्फ साचायचं आणि तोंडातून पांढरा चुरा खाली पडायचा. दुष्काळात आभाळातून काही पडेना आणि भिंतीतून बर्फ पडतंय. पार्वतीबाईनं घागर लावली. घागर भरली. एवढी गार, की तिला पदरात धरून न्यावी लागली. घरी जाऊन कोनाड्यात ठेवली, वितळायची वाट बघितली आणि दुपारी बघते तर घागर रिकामी. ओलीसुद्धा नाही. तिनं जावेवर संशय घेतला, की हिनंच प्यालं. भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून गेल्या, घागरीवर डोळा ठेवून परत आल्या आणि घागरीसमोर बसून राहिल्या. तरी रिकामी. तेव्हा दोघींचं एकमत झालं: हे पाणी मालकाच्या ओढीचं आहे, ते आपल्या पायानं परत शेडमध्ये जातं. म्हणजे साठा आत आहे.

त्या दिवशी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन शेडच्या दारात जमल्याच होत्या. दारावर सटवाजी नावाचा राखणदार. तो बिचारा सांगून दमला, की आत पाणी नाही, मीच घरून बाटली आणतो. कोणी ऐकेना. शेवटी त्यानं दार उघडलं, की बघा तुमच्या डोळ्यांनी. शरणम्मानं पार्वतीबाईच्या हातातली एक घागर घेतली आणि बायकांत मिसळून आत गेली. मी तिच्यामागं.

आत झरा नव्हता. लोखंडाचा एक जाड रांजण होता, वर मनगटाएवढे बोल्ट, बाजूला काट्यांच्या तबकड्या. आणि भिंतीशी दोन ढीग. दोन्ही दगडफुलाचे. शरणम्मा घागर ठेवून सरळ ढिगांपाशी गेली. एका ढिगातलं हातावर चोळून हुंगलं, मग दुसऱ्यातलं. पहिल्याला वास होता.

तेवढ्यात मालक आला. किशनराव नावाचा, भोकरकडचा, जर्मनीत शिकून आलेला माणूस. त्यानं आधी बायका बघितल्या, मग माझा खाकी ड्रेस, आणि त्याचा चेहरा उतरला. एसटीची खाकी त्यानं पोलिसाची धरली. मीही टोपी नीट केली आणि काही बोललो नाही. त्यामुळं त्यानं विचारलं नाही तेही सांगितलं.

त्याचं म्हणणं मला कळलं तसं सांगतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधते. असा संसार उघड्या दगडावर टिकवायचा तर जंतू-किडे हाकलायला घरात काही औषधं ठेवावी लागतात, वास ठेवावा लागतो. तेच माणसाच्या कामाचं. जखमेच्या मलमाला चालतं, अत्तराला चालतं. नांदेडचे अत्तरवाले त्याच्याकडून घेत होते. एरवी ते काढायचं तर पाणी उकळा, वाफ करा, नाहीतर रॉकेलच्या भावंडात भिजवा, आणि मग त्याचा वास मागं राहतो. हा माणूस सोड्याच्या बाटलीतला गॅस वापरायचा. रांजणात दगडफूल भरायचं, गॅस सोडायचा आणि दाबत जायचं, आपल्या डोक्यावरच्या हवेच्या शेदोनशे पट. आच मात्र तापलेल्या अंगाइतकीच. तेवढ्यात तो गॅस गॅस राहत नाही आणि पाणीही होत नाही. गॅससारखा बारीक भेगांत शिरतो, पाण्यासारखा आतलं सगळं विरघळवून घेतो. मग दाब सोडला की तो उडून जातो आणि सत तेवढं खाली राहतं. उडताना एवढा गार होतो, की त्याचाच बर्फ पडतो. तो वितळत नाही, सरळ हवा होतो.

पार्वतीबाई मागून म्हणाली, "मंजी माझ्या घागरीत हवा होती?"

"हाव बाई," किशनराव म्हणाला, "मी तेच सांगून राहिलो."

बायकांना ते पटलं नाही. झरा कुठं लपवला, हे बघायला त्या कोपरे धुंडाळू लागल्या. शरणम्मा मात्र जागची हलली नव्हती. तिनं दुसऱ्या ढिगातली मूठ त्याच्यापुढं धरली.

"ह्याचा वास कुठाय?"

"बाटलीत, मावशी."

"कुणाचा?"

"म्हंजे?"

"वास कुणाचा इच्यारलालेय. दगडाचा, डोंगराचा, का तुझा?"

किशनराव म्हणाला, मी हा चोथा मसाल्याला विकलाच नाही. एक सफारीवाला आला होता, उदबत्तीच्या कांड्यांत भुकटी घालायला पाहिजे म्हणाला. शरणम्मा म्हणाली, उदबत्तीला बिनवासाचं कशाला पाहिजे, एवढं तुला जर्मनीत कोणी शिकवलं नाही? मला किशनरावचा राग येत नव्हता, पण विश्वासही बसत नव्हता. दिसायला जसाच्या तसा माल, आणि आतला जीव गेलेला. असं एक यंत्र निघालं म्हणजे उद्या तुरीतलं, तिळातलं, माणसातलंही काढतील आणि वरून काही कळायचं नाही. येताना गाडीत मी प्रत्येक प्रवाशाकडं याच नजरेनं बघत होतो.

आता पुढचं ऐका. निघताना किशनरावनं शरणम्माच्या हातात एक बाटली ठेवली. अंगठ्याएवढी. तळाला हिरवट-काळं, गुळाच्या काकवीसारखं घट्ट. "पोतंभर दगडफूल हाय ह्यात," तो म्हणाला, "जपून वापरा." ती बाटली मी माझ्या पैशांच्या कातडी पिशवीत ठेवली. औसा गेलं, काही नाही. लामजन्याच्या अलीकडं खड्डा आला आणि बूच जरासं ढिलं झालं. जरासंच. पण गाडीतल्या एकूण एक माणसाला भूक लागली. ज्यांच्याकडं भाकरी होती त्यांनी गाठोडी सोडली, कोरडी भाकरी नुसत्या वासाला लावून खाल्ली आणि बोटं चाटली. ड्रायव्हर शेषेराव गाडी बाजूला घेऊन म्हणाला, जेवल्याबिगर स्टिअरिंग फिरत नाही. एक म्हातारा दवाखान्यातून परत चालला होता, अन्न सुटलेला. त्यानं शेजाऱ्याची भाकरी उचलली.

"कुणी तक्रार नाही केली?" पंचशीलानं विचारलं.

केली ना. पुढच्या गाडीतल्या लोकांनी केली, की आम्हाला का नाही.

शरणम्मानं घरी येऊन काय केलं? केरसुणीची एक काडी घेतली. टोक बाटलीत बुडवलं, गरम तेलात फिरवलं आणि ते तेल सगळ्या मसाल्याला चोळलं. काडीचं टोक, बरं का, काडी नाही. गल्लीतली पोरं तर आलीच, पण ज्यांची पोरं मोठी होऊन पुण्याला गेली होती, ते म्हातारेही भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभे. धुरपताबाई भिंतीवरूनच चढून आली. आणि अमृतरावांच्या घरचं लग्न! भालकीच्या वऱ्हाडात नवऱ्या मुलाची आजी होती, रुद्राणी नावाची, कोणत्याही पंगतीत नाक मुरडणारी. तिनं आमटीचा एक भुरका घेतला, द्रोण खाली ठेवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं कानडीत विचारलं, "यारु माडिद्दु?" कोणी केलं हे? तेव्हा अमृतराव स्वतः शरणम्माला हाताला धरून पंगतीत घेऊन आले. वऱ्हाडानं आमटी एवढी ओरपली, की पाण्याचा टँकर परत पाठवावा लागला, कारण प्यायला पाणी कोणी मागेचना. मी स्वतः तिथं वाढायला होतो. त्या दिवसापासून तिच्या पुडीला...

शिवगंगा इतका वेळ धने निवडत बसली होती. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मामा, लबाड बोललालाव तुम्ही," ती म्हणाली. "बाटली नांदेडला गेलती, अत्तरवाल्याकडं. सासूबाई रिकाम्या हातानं परत आल्या. गावोगाव गेलेल्या पुड्या त्यांनी एकेक मागून परत आणल्या, अन् तुमच्याच गाडीतून. पोतं टपावर तुम्हीच चढवलं म्हणून सांगायच्या. अमृतरावांच्या लग्नाला त्यांनी उदगीरच्या दुसऱ्या बाईचा मसाला स्वतः जाऊन आणून दिला, अन् भर पंगतीत उभं राहून म्हणाल्या, आजची आमटी माझी न्हाई, तिची हाय, चांगली लागली तर तिचं नाव घ्या. म्हणून तर लोक पुढच्या साली पुन्हा आमच्या दारात आले. अन् तो परत आणलेला मसाला त्या विकेनात, दुष्काळात फेकूही देईनात. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धं पोतं कोठीत होतं. रोजच्या आमटीत घालून घालून मीच ते संपवलं, मामा. थेंबभर बाटली घरात असती, तर मी ते बिनवासाचं इतके दिवस गिळलं असतं का?"